२३ काड्यांचा सोरोबान: तोंडी हिशेबासाठी घ्यावा का?

तोंडी हिशेब झपाट्याने करता यावा, एवढ्याच हेतूने मी हा सोरोबान, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायचा जपानी अबॅकस, घेतला. माझं काम हिशेब तपासण्याचं. दिवसभर खतावणीतले रकाने डोळ्यांखालून जातात आणि एखादी बेरीज पाहताक्षणी ‘ही जुळत नाही’ असं वाटणं या कामात फार मोलाचं असतं. त्यामुळे या वस्तूकडे मी एकाच नजरेने पाहिलं: तिच्यामुळे डोक्यातला हिशेब बदलतो का, आणि बदलत असेल तर त्यासाठी वस्तू कशी असायला हवी. माझी नऊ वर्षांची भाची माझ्याबरोबरच शिकायला बसली, म्हणून मोठ्या माणसाचा आणि मुलाचा, असे दोन्ही अनुभव यात आले आहेत. निकाल आधीच सांगते: बेरीज-वजाबाकीसाठी जरूर घ्यावा. गुणाकारासाठी घेणार असाल तर थोडं थांबा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वस्तू साधी आहे. लाकडी चौकट, २३ उभ्या काड्या आणि मधून जाणारी एक आडवी पट्टी. प्रत्येक काडीवर पट्टीच्या वर एक मणी, खाली चार. वरचा मणी पाचाचा, खालचा प्रत्येक मणी एकाचा. पट्टीला टेकलेला मणी मोजायचा, दूर असलेला सोडायचा. म्हणजे एका काडीवर शून्य ते नऊ एवढंच बसतं आणि प्रत्येक अंकाची मांडणी एकच, दुसरी शक्य नाही. जुन्या चिनी सुआनपानवर वर दोन आणि खाली पाच मणी असतात. त्यात पाच दोन तऱ्हांनी मांडता येतो आणि दहा तीन तऱ्हांनी. जपानने हे साधन चीनकडून घेतलं आणि पुढे त्यातले मणी कमी केले. वर एक, खाली चार ही आजची रचना विसाव्या शतकात रूढ झाली. हातात धरून काम करायचं असेल तर जास्तीचे मणी चालून जातात. पण डोळे मिटून तेच चित्र आठवायचं असेल तर एका अंकाला एकच चित्र हवं. विकत घेताना सगळ्यात आधी हे पाहा, कारण मुलांच्या दुकानात प्रत्येक काडीवर दहा गोल मणी असलेली पाटीही ‘अबॅकस’ याच नावाने मिळते. ती मोजायला शिकण्यासाठी चांगली आहे, तोंडी हिशेबासाठी निरुपयोगी.

मण्याच्या आकाराबद्दल सविस्तर लिहायला हवं. सोरोबानचा मणी मध्ये धारदार असतो, वरून आणि खालून निमुळता होत जातो. त्यामुळे बोटाचं टोक दोन मण्यांच्या फटीत नेमकं बसतं आणि हवे तेवढेच मणी सरकतात. माझ्याकडच्या सोरोबानात मणी ना सैल आहेत ना घट्ट. हलक्या धक्क्याने जातात, पट्टीला टेकले की बारीक टक् असा आवाज येतो आणि तिथेच राहतात. हा आवाज मला फार आवडतो, कारण पुढच्या मण्याकडे जायला नजरेने खात्री करून घ्यावी लागत नाही. आधी वापरलेल्या १३ काड्यांच्या एका प्लॅस्टिकच्या साधनात मणी अर्धवट सरकून मध्येच थांबायचे. अर्धवट मणी हा या वस्तूतला सगळ्यात वाईट दोष, कारण तो मोजायचा की नाही हेच ठरत नाही. शिवाय त्याच्या तळाला रबर नव्हतं, त्यामुळे जोरात काम करताना अख्खी चौकट टेबलावर सरकायची.

बोटांची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. खालचे मणी वर न्यायचे ते अंगठ्याने, खाली आणायचे ते तर्जनीने. वरचा मणी दोन्हीकडे तर्जनीनेच हलवायचा. बाकी बोटं मिटलेली. शून्यावर आणण्यासाठी चौकट आपल्याकडे कलती करायची, म्हणजे सगळे मणी खाली येतात. मग ती सपाट ठेवून तर्जनी पट्टीच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे फिरवायची, पाचाचे मणी वर सरकतात. काही सोरोबानांना यासाठी बटण असतं. माझ्या सोरोबानाला नाही आणि मला त्याची उणीव भासली नाही. भाचीला मात्र बटण हवं होतं. लागोपाठ छोटी गणितं सोडवणाऱ्या मुलांना ते खरंच सोयीचं आहे.

आता एक बेरीज जवळून दाखवते. ४८ मांडलेले आहेत. दशकाच्या काडीवर खालचे चार मणी वर आहेत, एककाच्या काडीवर पाचाचा एक आणि खालचे तीन. यात ३७ मिळवायचे. सुरुवात डावीकडून. दशकावर चारात तीन मिळवायचे, पण खाली मणीच उरलेले नाहीत. तीन म्हणजे पाच वजा दोन. म्हणून पाचाचा मणी खाली आणायचा आणि खालचे दोन काढून टाकायचे. दशकावर सात झाले. आता एकक. आठात सात मिळवायचे, तर काडीवर जागा नाही. सात म्हणजे दहा वजा तीन. तीन मणी खाली, आणि डावीकडच्या काडीवर एक वर. ८५ समोर दिसतात.

या सगळ्यात ‘आठ आणि सात पंधरा’ हे कुठेच म्हटलं नाही. लागलं ते एवढंच: पाचाच्या जोड्या, म्हणजे एक-चार आणि दोन-तीन, आणि दहाच्या जोड्या, एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. मुलांना शिकवताना यांना ‘छोटे मित्र’ आणि ‘मोठे मित्र’ म्हणतात. बेरजेचा सगळा डोलारा या सात जोड्यांवर उभा आहे. एकच जागा जरा अवघड आहे, ती म्हणजे दोन्ही मित्र एकदम लागतात तिथे. सहात सात मिळवताना दहातले तीन काढायचे असतात, पण खाली एकच मणी वर असतो. मग ते तीन पाच वजा दोन असे काढावे लागतात: पाचाचा मणी वर, खालून दोन आणखी वर, आणि डावीकडे एक. हा प्रकार बोटांत बसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याचा वेगळा सराव करा.

आणि हातचा! माझ्या दृष्टीने या साधनाची खरी करामत इथे आहे. कागदावर उजवीकडून बेरीज करताना हातचा धरून ठेवावा लागतो, तोवर पुढची बेरीजही करायची असते. इतकी वर्षं हिशेब तपासून माझं ठाम मत झालं आहे की तोंडी बेरीज चुकते ती आकडेमोड येत नाही म्हणून नव्हे, धरून ठेवलेलं काहीतरी निसटतं म्हणून. सोरोबानवर हातचा धरायचाच नसतो. तो तत्क्षणी शेजारच्या काडीवर जाऊन बसतो. मागे काही शिल्लक ठेवायचं नाही, समोर दिसतं तेच आतापर्यंतचं उत्तर. झपाट्याने हिशेब करणाऱ्यांचा वेग मुख्यतः यातून येतो. त्यांना कमी लक्षात ठेवावं लागतं.

मणी हातातून डोक्यात जातात तो टप्पा म्हणजे आनझान. समोर सोरोबान नाही, पण आहे असं समजून बोटं हवेत हलतात आणि डोळ्यांपुढच्या काल्पनिक काड्यांवर उत्तर वाचायचं. बोटं हलवणं हा देखावा नाही. जपानी मानसशास्त्रज्ञ गियो हातानो आणि सहकाऱ्यांनी सोरोबानच्या तज्ज्ञांवरचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. मणी सरकवत असताना कोणी साधेसुधे प्रश्न विचारले तर ही माणसं उत्तरं देत देत हिशेबही बिनचूक करत होती. पण मनातला हिशेब चालू असताना बोटं अडवली किंवा दुसऱ्याच कामात गुंतवली की त्यात अडथळा येत होता. हे वाचल्यावर मी मुलांना ‘हात शांत ठेव’ असं कधी म्हणत नाही. बोटांना चित्राची वाट माहीत असते, चित्र मागून येतं.

चित्र नेमकं कसं दिसतं हे मी भाचीला विचारलं होतं. ती माझ्या पुढे गेली आहे, म्हणून तिचंच उत्तर देते. मी म्हटलं, “तुला सगळे मणी दिसतात?” ती म्हणाली, “नाही गं मावशी. जिथे काम चाललंय तीच काडी दिसते. बाकीच्या असतात, पण अंधुक.” आणि चार आकडी संख्या आली की डावीकडची काडी ‘जाते’, असं तिचं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ मायकल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांच्या २०१२ च्या अभ्यासाशी हे तंतोतंत जुळतं. मनातला अबॅकस एक अखंड चित्र म्हणून धरला जात नाही, काड्या-काड्यांत विभागून धरला जातो, आणि अशा साधारण तीन-चार काड्याच एका वेळी नीट धरता येतात. एका नजरेत न मोजता आपण ज्या तीन-चार वस्तू ओळखतो, तीच ही मर्यादा. म्हणून एक-दोन आकडी संख्यांची लांबलचक बेरीज करणं शक्य असतं, पण दोन मोठ्या संख्यांची एकच बेरीज अवघड जाते. पडद्यावर आकडे झपझप दाखवायच्या स्पर्धा असतात, त्यात निष्णात लोक तीन आकडी १५ संख्यांची बेरीज दोन सेकंदांच्या आत करतात. संख्या तीन आकडी आहेत हे त्यातलं मर्म. बेरीज कितीही लांबली तरी डोक्यातल्या काड्या फार वाढत नाहीत.

सराव ऐकून करू नका, निदान सुरुवातीला. मराठीत ‘चौऱ्याऐंशी’ म्हटलं की आधी चार कानावर पडतो, मग ऐंशी. मणी मात्र दशकापासून मांडायचे असतात. त्यामुळे पूर्ण संख्या ऐकून होईपर्यंत बोट अडकून राहतं. फोनवर आकडे एकामागून एक दाखवणारी भरपूर अ‍ॅप्स आहेत. त्यात एक आकडी पाच संख्या, प्रत्येकीला एक सेकंद, इथून सुरुवात करावी. आणि हात पक्के होण्याआधी डोळे मिटायची घाई अजिबात नको. एका शिकवणीत मुलांना पाचाच्या जोड्या येण्याआधीच मनात करायला लावताना मी पाहिलं. ती मुलं गुपचूप बोटं मोजत होती आणि उत्तर आलं की मणी दिसल्याचं सांगत होती. पालकांनी हे एकदा समोर बसून पाहावं. बोटं मण्यांसारखी हलताहेत की एक-दोन-तीन मोजताहेत, हे दोन मिनिटांत कळतं.

वेगाबद्दल बोलायचं तर नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोत झालेला सामना सांगायलाच हवा. एका बाजूला टपाल खात्यातले कियोशी मात्सुझाकी, हातात सोरोबान. दुसऱ्या बाजूला अमेरिकी सैन्यातले थॉमस वुड, समोर विजेवर चालणारं गणनयंत्र. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि शेवटी सगळ्याचं मिश्रण. सोरोबानने ४-१ असा सामना जिंकला. जी एक फेरी यंत्राकडे गेली ती गुणाकाराची.

गुणाकाराच्या बाबतीत सोरोबान कमी पडतो तो मला इथेच दिसतो. त्यावर गुणाकार होतो, उत्तम होतो, पण मणी फक्त तुकडे गोळा करतात. तुकडे पाढ्यांतूनच यावे लागतात. ६४ × ७ करायचे तर सात सख्खे बेचाळीस आणि सात चोक अठ्ठावीस हे जिभेवरच हवेत, मग ४२० वर २८ मिळवून ४४८ करायचं काम मण्यांचं. पाढे कच्चे असतील तर सोरोबान त्यांना पर्याय नाही. आणि मोठमोठे गुणाकार करणारे जे नामवंत झाले त्यांची वाट बऱ्याचदा निराळीच होती. डच गणक विम क्लाईन यांना शंभर गुणिले शंभरपर्यंतचे गुणाकार पाठ होते. त्यांनी १९७६ मध्ये ५०० अंकी संख्येचं ७३ वं मूळ तीन मिनिटांच्या आत काढलं. शकुंतला देवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १३ अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला.

अशा लोकांना संख्यांचे लागेबांधे दिसतात. साधं उदाहरण घ्या. ४७ × ५३ पाहिल्यावर दोन्ही संख्या पन्नासपासून तीनच्या अंतरावर आहेत हे दिसलं, की २५०० वजा ९, म्हणजे २४९१. किंवा ९७ × ९६: शंभराला तीन कमी आणि चार कमी, ९७ मधून चार गेले ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. यात मण्यांचा काही संबंध नाही. संख्या ओळखीच्या व्हाव्या लागतात, आणि ती ओळख सोरोबान करून देत नाही. उलट मण्यांवर हात बसलेलं मूल ४७ × ५३ सरळ यंत्रासारखं गुणत बसतं. ते बरोबर येतं, पण जवळची वाट त्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून मी भाचीला दोन्ही शिकवते आहे.

आणखी एक गोष्ट स्वभावाची. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९० च्या दशकात दोन गणकांचा अभ्यास केला. जाक इनोदींना आकडे ऐकू यायचे. पेरिक्लीस दियामंदींना ते दिसायचे, तेही स्वतःच्या अक्षरात लिहिलेले. दोघेही असामान्य. मी पाढे म्हणत मोठी झाले, माझ्या डोक्यात आकडे आवाजाच्या रूपात असतात आणि मनातल्या मनात मी ते पुटपुटते. सोरोबानने मला बघायला शिकवलं, पण त्यासाठी आधी पुटपुटणं थांबवावं लागलं आणि तो भाग मनाला जड गेला. ज्यांना आकडे ऐकू येतात अशा मोठ्या माणसांनी ही तयारी ठेवूनच घ्यावा. मुलांना हा त्रास फारसा होत नाही.

जाहिरातींत एकाग्रता, स्मरणशक्ती, बुद्धी, सगळंच वाढवून मिळतं. त्यावर पैसे खर्च करू नका. बार्नर आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यातल्या शाळकरी मुलांवर तीन वर्षांचा प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गट सोडत काढल्यासारखे पाडले होते, त्यामुळे तुलना प्रामाणिक होती. अबॅकस शिकलेल्या मुलांचं अंकगणित इतरांपेक्षा सुधारलं. बाकी बौद्धिक क्षमतांत फरक दिसला नाही. ज्या मुलांना मुळातच गोष्टी डोळ्यांपुढे धरून ठेवता येत होत्या, त्यांना फायदा जास्त झाला. अंकगणित सुधारतं हेच माझ्या मते पुरेसं मोठं आहे, त्याला आणखी कसली झालर लावायची गरज नाही. माझ्या कामात फरक स्पष्ट दिसतो: रकान्याची बेरीज करताना मी आता डावीकडून जाते, मोठ्या स्थानाचा अंदाज आधीच हाती येतो, आणि ताळा घ्यायच्या आधीच घोळ कुठल्या आकड्यात आहे हे बऱ्याचदा लक्षात येतं.

आता घेण्याबद्दल. हिशेबाचं काम करणाऱ्याला २३ काड्या हव्यात, कारण डावीकडे एक संख्या, उजवीकडे दुसरी आणि मध्ये मोकळी जागा ठेवून गुणाकार-भागाकार करता येतो. मुलाला १३ पुरेत. चौकट हलकी असते आणि लहान हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज पोचतो. पट्टीवर दर तिसऱ्या काडीला ठिपका आहे ना ते बघून घ्या. त्यातल्या एका ठिपक्यावर एकक धरायचा असतो. ठिपके नसले की दशांश चिन्हाचा हमखास घोटाळा होतो. रंगीबेरंगी मणी टाळा. मुलांना ते आवडतात, पण मग डोळे मिटल्यावर रंगही आठवायला लागतात आणि एकाच अंकाचं चित्र प्रत्येक काडीवर वेगळं होतं. एकाच रंगाचे, तपकिरी किंवा काळे मणी सगळ्यात चांगले. मणी जड वाटू लागले तर तेल लावू नका, धूळ चिकटून ते आणखी अडतात. कोरड्या मऊ ब्रशने काड्या झाडल्या की काम होतं. आणि घरात दोघं शिकणार असतील तर दोन घ्या, कारण अर्धवट मांडलेली बेरीज दुसऱ्याने हलवली की पहिल्यापासून मांडावी लागते.